पीटर ग्रीन आणि आमचा दादा

ब्रिटिश गिटारवादक पीटर ग्रीन गेल्याची बातमी २०२० च्या जुलैत आली. कोरोनाचे दिवस होते, पुण्यात जो तो घरात कोंडलेला. त्यामुळे आमच्या जुन्या गिटारवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटावर श्रद्धांजल्यांना ऊत आला. कुणी लिहिलं, एलएसडीने या माणसाचं डोकं खाल्लं. कुणी लिहिलं, नशेबाज कसला, हा तर फकीर, ऐन भरात पैशाला लाथ मारून चालता झाला. दोन्ही पार्ट्या हिरिरीने भांडत होत्या. मी काहीच लिहिलं नाही. शेजारच्या खोलीत दादा रात्रीच्या गोळ्या डबीतून काढून घेत होता. ग्रीनबद्दल मला जे काही उमगलं आहे, त्यातलं निम्मं तरी दादामुळे उमगलं आहे.

ग्रीन आमच्या घरी आणला तोही दादानेच. मुंबईला गेला की तो काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये शिरायचा आणि खिशात परतीच्या गाडीपुरते पैसे ठेवून बाहेर पडायचा. अशाच एका फेरीत त्याने ग्रीनच्या फ्लीटवुड मॅक या बँडच्या जुन्या गाण्यांची कॅसेट आणली. ‘ब्लॅक मॅजिक वुमन’ हे गाणं सांतानाचं, अशी तोवर आमची पक्की समजूत. ते मुळात ग्रीनने लिहिलं, १९६८ मध्ये फ्लीटवुड मॅकने काढलं आणि सांतानाने ते १९७० मध्ये उचललं, हे दादाने मला कॅसेटचं कव्हर नाचवत सांगितलं.

फ्लीटवुड मॅक म्हटलं की आज लोकांना गायिका स्टीव्ही निक्स आठवते आणि ‘रूमर्स’ हा अल्बम आठवतो. पण हा बँड १९६७ मध्ये लंडनला उभा केला तो ग्रीनने. बेथनल ग्रीनमधल्या ज्यू कुटुंबातलं हे शेंडेफळ. मूळ आडनाव ग्रीनबाउम. विशीत पाऊल टाकतानाच जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्समध्ये त्याला एरिक क्लॅप्टनच्या जागी उभं राहावं लागलं. लंडनच्या भिंतींवर तेव्हा ‘क्लॅप्टन हाच देव’ असं लिहिलेलं असायचं. त्या जागेवर हा पोरगा टिकला, एवढंच नाही तर खुद्द बी. बी. किंगने त्याच्या गिटारच्या गोडव्याची तारीफ केली. स्वतःचा बँड काढला तेव्हा त्याने त्याचं नाव स्वतःवरून ठेवलं नाही. ड्रमवाला मिक फ्लीटवुड आणि बेसवाला जॉन मॅकव्ही या दोघांच्या नावांवरून बँडचं नाव ठेवलं. उद्या आपण निघून गेलो तरी यांच्यापाशी नाव राहावं, असा त्याचा विचार होता, असं फ्लीटवुड सांगत असे. तेव्हा ग्रीन पुरता एकवीस वर्षांचाही नव्हता. जायची भाषा तेव्हापासूनची, हे ध्यानात घ्यायला हवं.

‘अल्बाट्रॉस’ ही त्याची शब्दांवाचूनची रचना १९६९ च्या जानेवारीत इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेली. बीटल्सच्या ‘सन किंग’ला तिच्यावरूनच सुचलं, हे जॉर्ज हॅरिसनने मोकळेपणाने मान्य केलं होतं. मी ती कॅसेटवरून बसवायला घेतली आणि वाटलं, यात आहे काय? कॉर्ड मोजके, स्वर सोपे, लय संथ. मिक फ्लीटवुड कापडी गोळ्यांच्या काठ्यांनी ड्रमवर हलके ठोके देत राहतो, त्यावर गिटार तरंगते. बोटं चटकन बसली. पण दादा पलंगावर पडल्या पडल्या ओरडायचा, “घाई! परत घाई केलीस!” दोन स्वरांच्या मधली जागा मोकळी सोडायची, तिथे शेपूट जोडायचं नाही, हे बोटांना सांगून कळत नाही.

त्या आवाजाचं दुसरं मर्म मला नारायण पेठेतल्या एका मित्राच्या खोलीत पाहायला मिळालं. हा मित्र गिटारी आणि अ‍ॅम्प दुरुस्त करतो. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप असतो, म्हणजे केसाहून बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी आणि तिच्या बुडाशी चुंबकाची पट्टी. वरची तार थरथरली की गुंडाळीत वीज उमटते, ती अ‍ॅम्पात जाते. ग्रीनच्या १९५९ च्या लेस पॉलवर मानेकडच्या पिकअपमधला चुंबक उलटा बसलेला होता. आमच्या मित्राने माझ्या स्वस्तातल्या लेस पॉल छाप गिटारवर तोच प्रयोग केला. तारा ढिल्या केल्या, पिकअपचं पत्र्याचं झाकण सोल्डर वितळवून उचललं, बुडाचे स्क्रू सैल केले, चिमट्याने बोटाएवढी पट्टी ओढून काढली आणि पालथी करून परत सरकवली. एकेक पिकअप वाजवून पाहिला तर फरक शून्य. मग त्याने खटका मधोमध आणला, म्हणजे दोन्ही एकदम चालू. जाड, खर्जातला आवाज एकमेकांत मिटून गेला आणि उरला पोकळ, अनुनासिक, दुरून आल्यासारखा स्वर. “गिटारला सर्दी झाली बघ,” मित्र म्हणाला. दोष म्हणून दुसऱ्याने दुरुस्त करून घेतला असता, तो ग्रीनने आपला आवाज म्हणून वापरला. पुढे ती गिटार त्याने गॅरी मूर या तरुण वादकाला देऊन टाकली. तुझी गिटार विकून जेवढे येतील, तेवढेच पैसे दे, असं त्याने मूरला सांगितलं. आज ती मेटॅलिकाच्या कर्क हॅमेटकडे आहे.

आता त्याच्या जाण्याबद्दल. १९६९ मध्ये नायजेरियातल्या बिआफ्राच्या यादवीत भुकेने मेलेल्या पोरांची चित्रं टीव्हीवर दिसत होती. ती पाहून ग्रीन अस्वस्थ व्हायचा. पोटापुरते ठेवून बाकीचा पैसा वाटून टाकू, असं तो बँडमधल्यांना म्हणू लागला. त्यांनी मान्य केलं नाही, पण त्याने स्वतः संस्थांना देणग्या दिल्या. पैसा हाच सैतान, असं भयाचं स्वप्न त्याला पडलं, त्यातून ‘ग्रीन मनालिशी’ हे गाणं आलं. १९७० च्या मार्चमध्ये म्युनिकजवळच्या एका कम्यूनमध्ये त्याने एलएसडी घेतली. बँडमधल्यांच्या मते तिथेच घात झाला. ग्रीन मात्र त्या रात्रीबद्दल कडवटपणे बोलत नसे, तिथे वाजवायला मजा आली, एवढंच सांगायचा. मे महिन्यात त्याने बँड सोडला.

त्या बँडमध्ये तेव्हा तीन गिटारवाले होते. जेरेमी स्पेन्सर १९७१ मध्ये लॉस एंजेलिसला दौऱ्यावर असताना हॉटेलातून बाहेर पडला, तो एका धर्मपंथातच सामील झाला. अडलेला दौरा पुरा करायला ग्रीनच धावून गेला होता. डॅनी कर्वन दारूच्या आहारी गेला, १९७२ मध्ये त्याला काढलं आणि पुढे तो बेघरांच्या वसतिगृहात राहिला. ग्रीनने कबरी खणल्या, हॉस्पिटलात हमाली केली. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर स्किझोफ्रेनियाचं निदान होऊन त्याला शॉक ट्रीटमेंट दिली गेली.

१९७७ साली त्याचा बंदुकीचा किस्सा घडला. किस्सा असा सांगतात की, रॉयल्टीचे चेक पाठवू नकोस म्हणून त्याने आपल्या हिशेबनिसावर बंदूक रोखली. फकिराच्या गोष्टीला याहून चांगला कळस कुठला? ग्रीनने स्वतः बीबीसीच्या माहितीपटात सांगितलं ते साधं आहे. तो कॅनडाहून आला होता, पैशाची गरज होती, फोनवर बोलताना सोबत बंदूक आणल्याचं बोलून गेला आणि समोरच्याने पोलिसांना कळवलं. म्हणजे पैसे नको होते असं नाही, हवे होते. त्याच वर्षी ‘रूमर्स’ आला. त्याच्या आजवर चार कोटींहून जास्त प्रती खपल्या, आणि ज्याने बँडला नाव दिलं तो मनोरुग्णालयात होता.

हा किस्सा वाचताना मला आमची बजाज चेतक आठवते. दादा सरकारी नोकरीत चिकटला होता. एके दिवशी त्याने आपली स्कूटर कचरा उचलणाऱ्या माणसाला देऊन टाकली, कागदपत्रांसकट. मग घड्याळ गेलं, मग पगार. आजी म्हणाली, मागच्या जन्मीचा योगी आहे. वडिलांना आतून अभिमानच वाटत होता, मुलगा मोठ्या मनाचा निघाला. पुढे त्याने खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली, अंघोळ सोडली, भिंतीपलीकडून कुणीतरी नाव घेतंय म्हणू लागला. तेव्हा योगी जाऊन ‘बाहेरचं काहीतरी’ झालं आणि अंगारे-धुपारे सुरू झाले. त्यात बराच काळ गेला. शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं, तेव्हा आईने पहिल्याने स्कूटरची गोष्ट सांगितली. डॉक्टरांनी ती ऐकून घेतली आणि विचारलं, “झोप कधीपासून गेली? मित्रांकडे जाणं कधी बंद झालं?” त्या प्रश्नांची उत्तरं स्कूटरच्या कितीतरी आधीची होती.

गोळ्या बदलत बदलत क्लोझापिनवर गाडी थांबली. त्यासाठी रक्तातल्या पांढऱ्या पेशी नेमाने तपासाव्या लागतात, तो रिपोर्टांचा गठ्ठा अजून माझ्या कपाटात आहे. दादा नोकरीवर परतला नाही. पण परतला. भाजी आणतो, आईचं बँकेचं काम बघतो, माझं वाजवणं ऐकून अजूनही ‘घाई’ म्हणतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा स्किझोफ्रेनियावरचा ‘देवराई’ हा चित्रपट २००४ मध्ये आला, तेव्हा त्यात अतुल कुलकर्णीला पाहून आई थिएटरात म्हणाली, “हा आपलाच रे.” आम्ही जातो त्या स्वमदत गटात शुभार्थी आणि शुभंकर, म्हणजे आजारी माणसं आणि त्यांना सांभाळणारी माणसं, समोरासमोर बसून बोलतात. तिथे आम्हाला कळलं की, स्कूटरसारख्या गोष्टी बऱ्याच घरांत असतात.

ग्रीनही परतला. १९७९ मध्ये ‘इन द स्काइज’ हा अल्बम काढला, काही वर्षांनी पुन्हा गप्प झाला. नखं वाढलेला, रस्त्यावर भटकणारा ग्रीन इंग्रजी वर्तमानपत्रांनी चवीने छापला. मग नव्वदच्या दशकात नायजेल वॉटसन या मित्राने त्याला हाताशी धरून पुन्हा वाजवायला बसवलं आणि स्प्लिंटर ग्रुप उभा राहिला. १९९८ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या मंचावर त्याने सांतानाबरोबर ‘ब्लॅक मॅजिक वुमन’ वाजवलं. स्प्लिंटर ग्रुपचा एक व्हिडिओ मी दादाला दाखवला. स्थूल झालेला, टक्कल पडलेला माणूस खाली मान घालून वाजवतो आहे. गोळ्यांमुळे चित्त लागत नाही, गिटार उचलावीशी वाटत नाही, असं ग्रीनने सांगून ठेवलं होतं, पण दादाने ते वाचलेलं नव्हतं. थोडा वेळ पाहून तो म्हणाला, “हा गोळ्यांवर आहे. चेहरा बघ.” मग म्हणाला, “पण घाई करत नाही अजून.”

जाणकार म्हणतात, उत्तरार्धातल्या ग्रीनमध्ये ती धार राहिली नव्हती. नव्हतीच. पण मला त्याचा हा उत्तरार्धच मोठा वाटतो. दानत त्याची स्वतःची होती, ती आजाराच्या आधीपासून होती. आजार हा आजार होता. या दोहोंची सरमिसळ करून आपण एकदा त्याला संत करतो, एकदा वेडा, आणि दोन्ही वेळा त्याचे औषधपाण्याचे, मित्राच्या आधाराने काढलेले, बेताच्या गर्दीपुढे वाजवलेले दिवस गोष्टीतून गाळून टाकतो. १९७० नंतर तो पन्नास वर्षं जगला. फ्लीटवुड मॅकमध्ये होता जेमतेम तीन वर्षं.

म्हणून ‘अल्बाट्रॉस’ जरूर ऐका, पण स्प्लिंटर ग्रुपही ऐका. आणि घरातलं तरणंताठं माणूस अचानक सगळं वाटून टाकू लागलं, तर कौतुक करण्याआधी त्याला झोप लागते का ते विचारा. लागत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. कुठे जावं कळत नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं.