गाळलेली ओळ

मिनेसोटात फाशी 1911 पासून नाही. त्यामुळे ईडन प्रेरीत राहून फाशीविरोधी कार्यकर्ता होणं तसं सोयीचं. आपण कमी पडलो म्हणून इथे कुणी फासावर जात नाही. विरोध करायचा तो साउथ डकोटातल्या, अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या किंवा भारतातल्या फाशीला. माझं बोलणं घासूनपुसून गुळगुळीत झालं ते या सोयीमुळेच.

माझं ठरलेलं भाषण विल्यम विल्यम्सवर असे. 13 फेब्रुवारी 1906, सेंट पॉलच्या तुरुंगाचं तळघर. दोराच्या लांबीचा हिशेब चुकला, पायाखालची फळी उघडली आणि त्याचे पाय थेट जमिनीला टेकले. मग शेरीफच्या माणसांनी दोर वर ओढून धरला. जीव जायला साडेचौदा मिनिटं लागली. फाशीचे तपशील छापायला 1889 च्या कायद्याने मनाई होती. वर्तमानपत्रांनी तरीही छापले आणि दंड भरला. पाच वर्षांनी जॉर्ज मॅकेंझी या आमदाराच्या विधेयकाने फाशी रद्द झाली.

साडेचौदा मिनिटांपाशी मी आवाज खाली आणायचो. (हो, सराव केला होता.) एका बैठकीनंतर एक वयस्क बाई जवळ आल्या. म्हणाल्या, "त्यानं मारलं कुणाला?"

मला ठाऊक होतं. जॉनी केलर नावाचा कोवळा मुलगा आणि त्याची आई. 1905 मध्ये विल्यम्सने दोघांनाही गोळ्या घातल्या होत्या. ऐकणाऱ्यांची सहानुभूती विभागली जाऊ नये म्हणून ती ओळ मी जाणूनबुजून गाळत आलो होतो.

मराठी मंडळींसाठी गोष्ट वेगळी ठेवलेली. नाशिकचं 2003 चं दरोडा आणि खुनाचं प्रकरण, भटक्या जमातीतले सहा आरोपी. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि उरलेल्या तिघांची जन्मठेपही फाशीत बदलली. 5 मार्च 2019 ला त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. यावर फाशीच्या बाजूने कोण बोलणार?

गणपतीच्या जेवणानंतर एक काका बोलले. "ते निर्दोष होते, मान्य. आता कसाबचं बोल."

"तो विषय वेगळा आहे, काका," मी म्हणालो. वेगळा कसला? खरा विषय तोच होता. निर्दोषांना पुढे केलं की दोषींबद्दल तोंड उघडावं लागत नाही, ही पळवाट मला सापडली होती. आणि मिनेसोटातली फाशी ज्याच्या मरणानंतर गेली, तो विल्यम्स तर दोषीच होता! पुढे 2003 मध्ये एका विद्यार्थिनीच्या अपहरण आणि खुनानंतर गव्हर्नर टिम पॉलेंटींनी फाशी परत आणायचं ठरवलं, तेव्हा इथल्या विरोधकांना त्या संतापासमोर उभं राहावं लागलं. प्रस्ताव बारगळला. मी मात्र तसल्या प्रश्नासमोर कधी उभाच राहिलो नव्हतो.

त्यात आणखी एक लपवलेलं. नोव्हेंबर 2012 मध्ये कसाबला येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिल्याची बातमी आली तेव्हा मी ठाण्याला भावाला फोन करून "बरं झालं" म्हणालो होतो. चळवळीत नंतर आलो, पण हे तिथे कुणाला सांगितलं नाही.

आता भाषण जॉनी आणि त्याच्या आईपासून सुरू करतो. लोक पूर्वीसारखे हळहळत नाहीत, वाद जास्त घालतात. काकांना ठाण्याच्या फोनसकट सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग तेव्हा बरोबर बोलला होतास की!" फाशीविरोधी निवेदनावर त्यांनी अजून सही केलेली नाही.