सरत्या वर्षाचा हिशेब

विद्यार्थिदशेतील एखादे वर्ष सरू लागले की मन त्याचा हिशेब मांडू लागते. १८८३ संपत आले तेव्हा फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात शिकणाऱ्या आनंदीबाई जोशी यांच्यापाशी मांडण्याजोगे पुष्कळ होते. फेब्रुवारीत बंगालमधील सेरामपूर येथे भर सभेत त्यांनी परदेशगमनाचा हेतू सांगितला आणि स्वधर्म न सोडता परतण्याची ग्वाही दिली. ३१ मार्चला वयाची अठरा वर्षे पूर्ण झाली. ७ एप्रिलला पतीला मागे ठेवून त्यांनी कलकत्ता सोडले. ४ जूनला न्यूयॉर्क गाठले. शरद ऋतूत अध्ययनास आरंभ झाला.

तारखांच्या दृष्टीने हे वर्ष भरगच्च खरेच. परंतु त्याचे मूळ त्या वर्षात नव्हते. चौदाव्या वर्षाच्या सुमारास झालेले मूल अवघ्या दहा दिवसांत गेले होते. त्या मुलाला कोणत्याही वर्षाच्या यशोगाथेत जागा नाही. तरीही १८८६ साली पदवीसाठी त्यांनी लिहिलेला प्रबंध प्रसूतिशास्त्रावरच होता. मायदेशी कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणूक वाट पाहत होती. ती स्वीकारण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्या निवर्तल्या. ज्या वर्षासाठी मागील सारी वर्षे वेचली, ते रुग्णसेवेचे वर्ष उजाडलेच नाही.