कुठलं आणि कधीचं?

10 जुलै 2024. सकाळी सव्वासातच्या सुमारास नांदेडच्या आमच्या घरात मांडणीवरची भांडी वाजली. हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेला 4.5 तीव्रतेचा भूकंप होता. सगळे अंगणात धावलो. आमच्या गोतावळ्याचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे; निम्मी मंडळी नांदेडात, निम्मी लातूर-औशाकडे. 'आम्ही सुखरूप', 'आई माझ्याजवळच आहे' असे निरोप भराभर आले आणि जिवात जीव आला. अशा वेळी ग्रुपसारखा आधार नाही.

दुपारी मात्र एक मेसेज पडला : 'आज रात्री दोन वाजता मोठा धक्का बसणार. घरात झोपू नका.' वर अनेकदा फॉरवर्ड झाल्याचा दुहेरी बाण, खाली ना नाव ना तारीख. टाकला होता औशाच्या मामांनी. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जन आटोपून माणसं गाढ झोपेत असताना किल्लारीच्या भूकंपात काय झालं, ते मामांनी डोळ्यांनी पाहिलेलं. त्यांना धास्ती वाटणं साहजिकच होतं. पण भूकंपाची वेळ आधी सांगणारं शास्त्र अजून जगात कुठेच नाही.

ग्रुपवर पोरांनी लगेच 'मामा, काहीही काय पाठवता!' सुरू केलं. वडीलधाऱ्या माणसाला चारचौघांत असं बोलणं मला पटलं नाही. मी फोन लावला.

"मामा, हे कुठून आलं?"

"अगं, शेजारच्यानं पाठवलं. म्हटलं, लेकरं सावध राहतील."

"खरं नाही ते. इकडं आत्याबाई गुडघे धरून अंथरूण अंगणात न्यायला निघाल्यात, अन् वर आभाळ भरलंय."

मामा क्षणभर गप्प राहिले. मग मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला आणि स्वतःच लिहिलं, 'आधीचा निरोप खरा नव्हता. घरातच झोपा.' ही ओळ फार महत्त्वाची. नुसतं डिलीट केल्याने आधी वाचलेल्यांची भीती जात नाही.

तेव्हापासून ग्रुपवर रीत पडली आहे. बातमी टाकणाऱ्याने कुठली आणि कधीची ते लिहायचं. पावसाळ्यात विष्णुपुरी धरणाच्या दरवाजांचा व्हिडिओ आला, की हे आधी विचारलं जातं. चूक दिसली तर फोन करायचा, ग्रुपवर पाणउतारा करायचा नाही. निधनाची बातमी घरच्यांच्या आधी कोणी द्यायची नाही.

एवढी काळजी कशाला, असं कोणी म्हटलं तर मी राईनपाड्याची आठवण करून देते. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या त्या गावात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षा मागून पोट भरणाऱ्या पाच निरपराध माणसांना ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. पण ते पाच जणही आपलीच माणसं असतात. कुठलं आणि कधीचं हे ठाऊक नसेल, तर तो मेसेज कृपा करून आपल्यापाशीच थांबवा.