क्षीण आवाजाचा शेजार

जीपीएसविषयी वाचताना मला तिच्या अचूकतेपेक्षा तिच्या आवाजाच्या क्षीणतेचे नवल अधिक वाटले. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून निघालेला उपग्रहाचा संदेश जमिनीवर पोहोचेतो इतका विरतो, की तो रिसीव्हरच्या स्वतःच्याच गोंगाटात बुडून जातो. तरीही तो सापडतो. कारण प्रत्येक उपग्रहाच्या संकेताची नक्षी रिसीव्हरला आधीच पाठ असते. पोथीतले पुसट अक्षर ज्याला ती भाषा येते त्यालाच लागावे, तसेच काहीसे हे.

पण शेजारी कोणी मोठ्याने बोलू लागला तर? 2011 मध्ये अमेरिकेत हाच प्रश्न उभा राहिला. जीपीएसचा मुख्य संदेश 1575.42 मेगाहर्ट्झवर असतो. त्याच्या लगतच्या, 1525 ते 1559 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लाइटस्क्वेअर्ड या कंपनीला मोबाइल इंटरनेटसाठी सुमारे 40,000 मनोरे उभारायचे होते. मुळात हा पट्टा उपग्रहांच्याच हलक्या आवाजातील संभाषणाचा. चाचण्यांमध्ये अनेक रिसीव्हर बधिर झाले. कंपनी म्हणाली, आम्ही आमच्या कुंपणाच्या आतच आहोत, तुमचेच कान आमच्या अंगणापर्यंत पोहोचतात. जीपीएसवाले म्हणाले, ही आळी शांत राहील या भरवशावरच आम्ही हे कान घडवले. फेब्रुवारी 2012 मध्ये तेथील संचार आयोगाने सशर्त परवानगी मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला आणि मे महिन्यात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढे ती लिगाडो या नावाने, कमी शक्तीचा प्रस्ताव घेऊन परतली. 2020 मध्ये संरक्षण खात्याचा विरोध असूनही आयोगाने तिला मान्यता दिली. जानेवारी 2025 मध्ये तिने पुन्हा दिवाळखोरीचा अर्ज केला.

मला यात दोन्ही पक्षांचे म्हणणे खरे वाटते, आणि म्हणूनच हा तंटा मनातून जात नाही. अधिक चांगले फिल्टर बसवून ऐकणाऱ्याने आपले कान नेमके करावेत, हे रास्तच आहे. पण बोलणाऱ्याने आवाज वाढवावा, हा उपाय येथे नाही. उपग्रहाची वीज मोजकी असते. वर्गात मागच्या बाकावरून कोणी हळू बोलले, की ‘मोठ्याने बोल’ असे आम्ही शिक्षक सहज सांगतो. प्रत्येकाला ते जमत नाही. तेव्हा उरलेल्या साठ जणांना थोडे थांबायला सांगावे लागते, आणि आपल्या जागी बसून बोलण्याचा त्यांचाही हक्क असतोच. कुंपणाने जागा वाटता येते. शांतता मात्र एकमेकांना द्यावी लागते, आणि ती किती द्यायची हे कोणत्याही परवान्यावर पुरते लिहिता येत नाही.