डाव संपला केव्हां म्हणावा?

खेळ कसा सुरू करावा हें सांगणारे गुरु जगांत पुष्कळ भेटतात. तो संपला केव्हां म्हणावा हें सांगणारे फार थोडे. सोंगट्यांचा पट मांडतांना घरांतील लहानथोर मंडळी कोण उत्साहानें जमतात! परंतु तोच पट आवरण्याची वेळ आली म्हणजे हरणारा म्हणतो, "आणखी एकच डाव", जिंकणारा म्हणतो, "आतां पुरे", आणि शेवटीं स्वयंपाकघरांतून पानें वाढल्याची हांक आली म्हणजेच खेळ मोडतो. मोडतो, असें आम्ही मुद्दाम म्हणतों. कारण मोडणें निराळें आणि संपणें निराळें.

हा भेद क्षुल्लक नाहीं. हस्तिनापुरच्या सभेंत जें द्यूत झालें, त्यांत फासे कसे टाकावे हें शकुनीस उत्तम ठाऊक होतें. पण तें द्यूत थांबावें केव्हां, याचा नियम कोणासच ठाऊक नव्हता. धर्मराजानें आधीं धन लाविलें, मग एकामागून एक चारी भाऊ लाविले, मग स्वतःस लाविलें आणि शेवटीं द्रौपदीस लाविलें. लावावयास कांहीं उरलें नाहीं म्हणून तें थांबलें; संपलें नाहीं. कारण धृतराष्ट्रानें सर्व परत दिल्यावर पुन्हां बोलावणें आलें, पुन्हां पट मांडला गेला, आणि बारा वर्षांचा वनवास व एक वर्षाचा अज्ञातवास पदरीं पडला. ज्या खेळास शेवटाचा नियम नाहीं, तो असा घराबाहेर पडतो आणि रणांगणावर जाऊन संपतो.

आमच्या मनांत हा विचार आला तो मात्र महाभारत वाचतांना नव्हे, तर क्लबांत स्नूकर खेळतांना. स्नूकर हा खेळ विलायती समजला जातो. परंतु त्याचा जन्म १८७५ सालीं जबलपुरास झाला असें सामान्यतः मानलें जातें. तेथील छावणींत नेव्हिल चेंबरलेन नांवाचा एक तरुण लष्करी अंमलदार होता. पुढें इंग्लंडचा मुख्य प्रधान झालेला चेंबरलेन तो हा नव्हे. पावसाळ्याच्या दिवसांत वेळ घालविण्यासाठीं त्यानें बिलियर्डच्या टेबलावर चालणाऱ्या एका जुन्या खेळांत आणखी रंगीत चेंडू घालून हा नवा प्रकार रचिला. वुलिच येथील लष्करी शाळेंत नवख्या विद्यार्थ्यास थट्टेनें 'स्नूकर' म्हणत. एका सोबत्याचा चेंडू हुकला तेव्हां चेंबरलेननें त्यास हें नांव ठेविलें, आणि तें खेळासच चिकटलें. पुढें उटकमंडच्या क्लबांत या खेळाचे नियम लिहून लाविले गेले.

ज्या वाचकांनीं हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. टेबलावर पंधरा लाल चेंडू असतात. त्यांचा प्रत्येकीं एक गुण. शिवाय सहा रंगीत चेंडू असतात: पिवळ्याचे दोन गुण, हिरव्याचे तीन, तपकिरी रंगाच्या चेंडूचे चार, निळ्याचे पांच, गुलाबीचे सहा आणि काळ्याचे सात. पांढऱ्या चेंडूस काठीनें मारून त्याच्या आघातानें इतर चेंडू टेबलाच्या खिशांत घालावयाचे. आधीं लाल, मग एक रंगीत, पुन्हां लाल, असा क्रम चालतो. लाल आहेत तोंवर रंगीत चेंडू खिशांतून काढून पुन्हां आपल्या जागीं ठेवितात. लाल संपले म्हणजे सहाही रंगीत चेंडू पिवळ्यापासून काळ्यापर्यंत क्रमानें घालावयाचे, आणि ते मात्र परत येत नाहींत. या सहांचे गुण मिळून सत्तावीस होतात. खेळणाराची चूक झाली तर प्रतिस्पर्ध्यास निदान चार व फार तर सात गुण मिळतात. अशा एका डावास फ्रेम म्हणतात.

आतां ही फ्रेम संपते केव्हां? नियमांत चार वाटा सांगितल्या आहेत. पहिली वाट सर्वांस दिसणारी: टेबलावर एकटा काळा उरला असतां तो खिशांत गेला, किंवा त्यावर खेळतांना कोणाची चूक झाली, कीं डाव संपला. दुसरी: एकटा काळा उरला असून खेळणारा सातांहून अधिक गुणांनीं पुढें असेल, तर त्यानें डाव आपला म्हणून मागून घ्यावा. येथें सात आणि आठ यांतील अंतर पाहण्याजोगें आहे. आठांचें अंतर असेल तर काळा चेंडूही मागच्यास तारूं शकत नाहीं. पण बरोबर सातांचें असेल तर त्या चेंडूनें बरोबरी होते, म्हणून पुढच्यास डाव मागतां येत नाहीं. तिसरी वाट पंचाच्या हातची: गैरवर्तनाबद्दल, किंवा समोरचा चेंडू सरळ रेषेंत पुरता दिसत असतां लागोपाठ दोनदां हुकून ताकीद मिळाल्यावरही तिसऱ्यांदा हुकल्याबद्दल, पंच डाव प्रतिस्पर्ध्यास देऊन टाकतो. चौथी वाट हार कबूल करण्याची.

पहिल्या वाटेस एक सुंदर अपवाद आहे. शेवटचा काळा गेला आणि दोघांचे गुण समसमान झाले, तर डाव संपत नाहीं. काळा पुन्हां आपल्या जागीं येतो, पांढरा हातांत घेऊन आरंभाच्या अर्धवर्तुळांतून खेळावयाचा असतो, आणि आधीं कोणीं खेळावें हें ठरविण्याचा हक्क नाणें उडवून एकास मिळतो. मग पहिला गुण किंवा पहिली चूक, कीं निकाल.

परंतु आम्हांस सर्वांत विचार करावयास लावणारी वाट म्हणजे चौथी. हार कबूल करणें हें वरवर पाहतां किती सोपें! काठी खालीं ठेवावी आणि चालूं लागावें. नियम मात्र तसें करूं देत नाहीं. त्यानें तीन अटी घातल्या आहेत. पहिली अट अशी कीं, हार कबूल करावयाची तर ती आपली पाळी असतांनाच. दुसरा खेळत असतां खुर्चींतून उठून जातां येत नाहीं. दुसरी अशी कीं, टेबलावर उरलेले सर्व गुण मिळूनही अंतर भरून निघत नाहीं अशी स्थिति येईतोंवर सामन्याचा डाव सोडणें हें असभ्य वर्तन समजलें जातें. आणि तिसरी अशी कीं, प्रतिस्पर्ध्यानें ती कबुली मान्य केली पाहिजे. तो "नको, खेळूं या" म्हणाला, तर कबुली रद्द होऊन डाव पुढें चालतो. सारांश, एकट्याची निराशा डाव संपवावयास पुरेशी नाहीं.

आशा किती वेळ धरावी याचें एक प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडांतील शेफील्ड येथें १९८५ सालच्या एप्रिलांत घडलें. जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यांत स्टीव्ह डेव्हिस यानें डेनिस टेलरवर पहिले आठही डाव जिंकले होते. टेलर हळूहळू वर आला, आणि पस्तीस डावांच्या त्या सामन्यांत दोघांचे सतरा सतरा डाव झाले. शेवटल्या डावांत चार चेंडू उरले असतां डेव्हिसचे ६२ व टेलरचे ४४ गुण होते. उरलेल्या चारांचे मिळून २२. टेलरनें तपकिरी, निळा व गुलाबी असे तीन चेंडू घातले, तेव्हां फलकावर ६२ आणि ५९ झाले. मग त्या एका काळ्या चेंडूवर दोघेही चुकले, पुन्हां चुकले, आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर टेलरनें तो घातला. साऱ्या सामन्यांत तो पुढें गेला तो त्या एकाच क्षणीं, जेव्हां पुढें खेळावयास कांहीं उरलेंच नव्हतें. सुमारें एक कोटि पंचाऐंशीं लाख लोक ब्रिटनमध्यें दूरदर्शनावर तें पाहात जागे होते.

हे नियम आम्हांस पाठ होते. समजले मात्र नव्हते. ते समजले त्या रात्रीची हकीकत आतां सांगावयास हरकत नाहीं.

आमचे थोरले बंधू, ज्यांस घरांत सर्वजण दादा म्हणतात, त्यांच्यांत व आमच्यांत वडिलोपार्जित घराच्या वांटणीवरून तेढ पडली होती. दोष कोणाचा हें येथें सांगत नाहीं. दोघांचाही होता असें म्हटलें तर दोन्ही घरचीं माणसें रागावतील. दावा कोर्टांत गेला, माजघरांत भिंत आली, आणि दोन वर्षें आम्हीं भावाभावांनीं एकमेकांशीं एक शब्दही काढला नाहीं. आई आमच्याकडे होती. सणावारीं दादांचीं मुलें येऊन आजीस नमस्कार करून जात. दादा येत नसत, आणि आम्हींही कधीं बोलाविलें नाहीं.

त्यांतच क्लबांत वार्षिक सामने निघाले, आणि चिठ्ठ्या टाकल्यावर आमचें नांव दादांच्या समोर आलें. माघार घ्यावी तर लोक हंसतील. खेळावें तर समोरासमोर उभें राहावें लागेल. शेवटीं उभयतांनीं मुकाट्यानें काठ्या उचलल्या. पहिले दोन डाव एकेकास गेले. तिसऱ्यांत लाल चेंडू संपले तेव्हां फलकावर दादांचे ५६ व आमचे २५ गुण होते. एकतीसांचें अंतर, आणि टेबलावर सत्तावीस. आम्हांस डाव हरल्याचें दुःख नव्हतें. त्या खोलींतून बाहेर पडण्याची घाई होती. दादा पिवळ्यावर नेम धरीत असतांच आम्ही खुर्चींतून उठलों. म्हातारा मार्कर फलकापाशीं उभा होता. तो हलक्या आवाजांत म्हणाला, "रावसाहेब, पाळी त्यांची आहे. आतां आपल्याला डाव सोडतां यायचा नाहीं."

आम्ही खालीं बसलों. दादांचा नेम चुकला. आमची पाळी येतांच आम्हीं काठी टेबलाच्या कडेस टेकविली आणि त्यांच्याकडे न पाहतां हात पुढें केला. त्यांनीं तो घेतला नाहीं. ते म्हणाले, "हात मागें घे. पिवळा अजून टेबलावर आहे."

दोन वर्षांत त्यांनीं आमच्याशीं काढलेले हे पहिले शब्द. आम्हांस राग आला. हरणाऱ्यास धड हरूंही देत नाहींत, असें वाटलें. त्या रागाच्या भरांत मारलेला पांढरा चेंडू पिवळ्यास जेमतेम चाटून तपकिरी चेंडूच्या आड जाऊन बसला. त्यांत आमचें कौशल्य मुळींच नव्हतें. पण दादांस आतां पिवळा सरळ दिसेना. त्यांनीं कडेवरून उलटा मारा करून पाहिला आणि तो चुकला. आमचे चार गुण वाढले. तेथून पुढें सुमारें पाऊण तास आम्ही दोघेही आयुष्यांत कधीं खेळलों नव्हतों असे जपून खेळलों. पिवळा गेला, हिरवा गेला. तपकिरी, निळा, गुलाबी असे एकेक करून सारे आम्हांसच मिळाले. अखेर काळाही गेला, आणि मार्करनें फलकावर दोन्हीकडे ५६ लाविले.

काळा पुन्हां जागीं आला. मार्करनें रुपया उडविला. दादांनीं आम्हांस आधीं खेळावयास सांगितलें. तीनचार पाळ्या दोघांनींही सांभाळून काढल्या. मग दादांनीं तो चेंडू एका लांबच्या माऱ्यानें खिशांत घातला. आम्ही हरलों तें हरलोंच. आतां दादांनीं आपण होऊन हात पुढें केला, आणि आमचा हात हातांत असतांनाच विचारलें, "आईच्या डोळ्यांचें काय झालें?"

"पुढच्या आठवड्यांत मोतीबिंदू काढणार आहेत."

"मग मला कळवावयास नको होतें?"

या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. शस्त्रक्रियेच्या दिवशीं आम्ही आईस घेऊन दवाखान्यांत पोहोंचलों, तेव्हां दादा आधींच येऊन बांकावर बसले होते.

एका डावानें घर पुन्हां एक झालें असें लिहिलें तर ती कादंबरी होईल. दावा पुढें वर्षभर चालून तडजोडीनें मिटला. माजघरांतील भिंत अजून उभी आहे, आणि विहिरीवरच्या पंपाची पाळी कोणाची यावरून कधीं कधीं कुरबूरही होते. पण बोलणें पुन्हां बंद पडलें नाहीं. आमच्या मनांत नेहमीं येतें कीं, त्या रात्रीं दादांनीं आमचा हात घेतला असता तर डाव नियमाप्रमाणें संपला असता. कोणास दोष देतां आला नसता, आणि आम्ही एकतीस गुणांनीं हरून भिंतीच्या आपल्या बाजूस परत आलों असतों. नात्यांतील माणसें बहुधा अशींच एकमेकांस सोडून जातात: दुसऱ्याची पाळी चालू असतांना, टेबलावर पुष्कळ शिल्लक असतांना, आणि त्यास न विचारतां. भांडण सोडून देणें आणि माणूस सोडून देणें यांत गल्लत होते ती तेथेंच. दादांनीं भांडण सोडलें नाहीं. त्यांनीं फक्त आमची घाई मान्य केली नाहीं.

त्या रात्रीं घरीं आलों तेव्हां बारा वाजून गेले होते. आई जागीच होती. अंधारांतच तिनें विचारलें, "कोण जिंकलें?"

"दादा," आम्ही म्हणालों.

कित्येक महिन्यांनीं ते नांव आमच्या तोंडून ऐकल्यामुळें असेल, ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "आणि तुला हरायला एवढी रात्र लागली?"

"नियमच तसा आहे," असें म्हणून आम्हीं दिवा मालविला.