भिशीची चिठ्ठी

दोनशे चाळीस रुपयांचं काय करायचं, यावरून आमच्या लालबागच्या खोलीत एकदा मध्यरात्रीपर्यंत खल चालला होता. साल १९८२. १८ जानेवारीपासून गिरण्यांचा संप सुरू झालेला. मुंबईतले सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, त्यांत आमचे बाबाही.

हे पैसे आईच्या भिशीचे. मजल्यावरच्या बारा बायका दर महिन्याला वीस-वीस रुपये काढायच्या. डब्यात नावांच्या चिठ्ठ्या टाकून एक उचलायची. जिचं नाव निघेल तिला सगळी रक्कम, मग तिची चिठ्ठी बाद. पण हप्ता सुटत नाही हं! म्हणजे नंबर लवकर लागला तर ते बिनव्याजी कर्ज, उशिरा लागला तर बचत. ना कागद, ना सही. आईचा नंबर एप्रिलमध्ये लागला.

बाबा म्हणाले, "वाण्याची उधारी फेड." आजी म्हणाली, "एसटीची तिकिटं काढा नि गावी चला." तेव्हा कितीतरी बिऱ्हाडं कोकणात परतली होती. आई गप्पच. सकाळी तिने हिशेब सांगितला. साठ रुपये वाण्याला, म्हणजे तो पुढचं धान्य देईल. उरलेल्या एकशेऐंशीची मिरची आणि धणे. मिरची गल्लीतल्या डंकावर मसाला कुटून घ्यायचा आणि दादरला घरोघरी विकायचा. पावसाळ्याआधी वर्षाचा मसाला सगळ्यांनाच लागतो.

"आणि नाही खपला तर?" बाबांनी विचारलं.

"तर आपण खाऊ."

मला हसू आलं. बाबांना नाही.

बँकेत का गेली नाही? अहो, तारण ठेवायला होतं काय! मंगळसूत्र आधीच गहाण. गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांचीही हीच अडचण. त्यांना घेऊन प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. बायका गटाने एकमेकींची हमी द्यायच्या, मग राष्ट्रीयीकृत बँक कर्ज द्यायची. बांगलादेशात १९८३ साली ग्रामीण बँक उभी राहिली, तीही अशाच गटांवर. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं.

मसाला खपला, पण सगळा नाही. उरलेला वर्षभर आमच्याच आमटीत पडला. ऑगस्टमध्ये कोपऱ्यातल्या काकूंकडे हप्त्याचे वीस रुपये नव्हते. ते आईने भरले. बाबांना सांगितलं नाही; मला सांगितलं, तेही गप्प राहायच्या अटीवर.

डिसेंबरातही संप चालूच होता. डब्यात एकच चिठ्ठी उरली होती, त्याच काकूंची. तरी सगळ्याजणी जमल्या. आईने डबा हलवून माझ्यापुढे धरला, "काढ गं, बघू कुणाचं नाव येतं!"