फेरम: भट्टीतला आणि रक्तातला

भिलाईच्या नेहरू नगरात राहणाऱ्याला लोखंडाची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. १९५५च्या भारत-सोव्हिएत करारातून उभा राहिलेला पोलाद कारखाना, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झालेली त्याची पहिली झोतभट्टी, येथून देशभर गेलेले रूळ, हे सारे आमच्या नित्याच्या बोलण्यातले. तरी शेजारची नववीतली मुलगी विचारते, "काका, आयर्नची संज्ञा 'एफई' कशी?" तेव्हा उत्तरासाठी रोमपर्यंत जावे लागते.

लॅटिनमध्ये 'फेरम' म्हणजे लोखंड. रोमन लेखक तलवारीलाही फेरमच म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बर्झेलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने मूलद्रव्यांना लॅटिन नावांवरून संज्ञा दिल्या, आणि तलवारीचा तो शब्द प्रयोगशाळेत स्थिरावला. 'फेरस' म्हणजे संयुजा दोन असलेले लोह, 'फेरिक' म्हणजे तीन. आपल्या 'लोह' शब्दाचा प्रवासही रंजक आहे: प्राचीन संस्कृतात तो तांबूस धातूसाठी होता, आणि 'लोहित' म्हणजे तांबडे, तसेच रक्तही.

दल्ली-राजहराच्या खाणींतून येथे येणारे हेमॅटाइट हे फेरिक ऑक्साइड. त्याचे नावही 'रक्त' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडले. भट्टीत कार्बन मोनॉक्साइड त्यातील ऑक्सिजन काढून घेतो, हे क्षपण. आपल्या आतड्यातही क्षपण घडते, मात्र ते धातूपर्यंत न जाता फेरसपाशी थांबते. डाळी-भाज्यांतील बहुतेक लोह फेरिक रूपात असते. ते फेरस झाले की आत शोषले जाते. लिंबातील क जीवनसत्त्व त्याला साहाय्य करते, जेवणासोबतचा चहा अडथळा आणतो.

म्हणूनच एक आकडा मला अस्वस्थ करतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. १५ ते १९ वर्षांच्या मुलींत हे प्रमाण ५९ टक्के होते. प्रौढ शरीरात लोह असते जेमतेम तीन-चार ग्रॅम, एका खिळ्याइतके. जे गाव रूळ घडवते, तेथील मुलींनाही तेवढे पुरत नसेल, तर ती उणीव खाणीची नाही, ताटाची आहे.

मात्र प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या अभावाचा नसतो. छत्तीसगडमध्ये सिकलसेल आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्याच्या निर्मूलनासाठी जुलै २०२३मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. अशा रुग्णाला तपासणीविना लोहाच्या गोळ्या देणे हितावह नाही. तेव्हा हिमोग्लोबिन कमी आले, तर अहवालात आणखी एक शब्द शोधा: 'फेरिटिन'. फेरमपासूनच घडलेला हा शब्द शरीरातील लोहाचा साठा सांगतो. जंतुसंसर्गात किंवा दाह असताना तो फसवा वाढतो, म्हणून त्याचा अर्थ डॉक्टरांनाच विचारा; आणि सिकलसेलची चाचणी झाली आहे का, हेही त्याच वेळी विचारून घ्या.